इपॉक्सी संरक्षक लेपांच्या पुनर्लेपनाचा इतिहास

लोखंडास रंग देणारा कारागीर रंगाच्या थरास 'हात' म्हणतो. पहिला हात, दुसरा हात, शेवटचा हात अशी त्याची मोजणी असते. एका हाताने काम भागत नाही; कारण कुंचल्याच्या वा फवाऱ्याच्या प्रत्येक फेरीत कोठे ना कोठे सूक्ष्म छिद्रे राहून जातात आणि ती झाकण्याचे कार्य पुढील हाताने होत असते. समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या पोलादास असे एखादे छिद्रही घातक ठरते. यास्तव संरक्षक लेप लोखंडास किती घट्ट धरतो एवढे पाहून भागत नाही. त्याच्यावर येणारा पुढील थर त्याला किती घट्ट धरतो, हेही तितक्याच काळजीने पाहावे लागते. या दुसऱ्या गुणास प्रस्तुत लेखात पुनर्लेपनक्षमता असे म्हटले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून जहाजे, समुद्रातील तेलविहिरींचे मंच, पूल आणि रासायनिक कारखान्यांतील टाक्या यांच्या संरक्षणात इपॉक्सी राळेच्या लेपांस अग्रस्थान मिळाले. इपॉक्सीची ख्याती तिच्या चिकटपणाबद्दल आहे. धातू, काच, लाकूड, दगड यांपैकी जवळजवळ कशासही ती चिकटते. परंतु हीच राळ पूर्ण घट्ट झालेल्या स्वतःच्याच जुन्या थरास मात्र नीट चिकटत नाही. हा विरोधाभास कसा उद्भवला, त्याचे कारण केव्हा व कसे उलगडले आणि त्यावर कोणते उपाय योजले गेले, याचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. इपॉक्सी लेपांची प्रगती म्हणजे कठीणपणाची प्रगती, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक या प्रगतीचा मोठा भाग एक हात आणि दुसरा हात यांच्यामधील कालावधीवर ताबा मिळविण्यात खर्ची पडला आहे, असे दिसून येईल.

१. तेलरंगांचा काळ

एकोणिसाव्या शतकात लाकडी जहाजांची जागा लोखंडी जहाजांनी घेण्यास आरंभ केला. १८४३ साली ब्रिस्टल येथे 'ग्रेट ब्रिटन' या लोखंडी आगबोटीचे जलावतरण झाले आणि त्यानंतरच्या अर्धशतकात लोखंडाचा गंज हा नौकानयनापुढील मोठा प्रश्न होऊन बसला. त्या काळचा प्रमुख उपाय म्हणजे जवसाच्या तेलात खललेला शेंदूर. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते. ही क्रिया पृष्ठभागाकडून आत अशी सावकाश चालते आणि पहिले काही दिवस लोटल्यावरही महिनोगणती सुरू राहते. त्यायोगे तयार होणारे जाळे सैल असते. पुढील हातातील टर्पेंटाईन व कच्चे तेल त्या जाळ्यात थोडेफार शिरते, खालचा थर किंचित फुगतो आणि दोन्ही थर एकजीव होतात. अतिशय जुना व चकचकीत झालेला तेलरंग घासून घ्यावा लागे हे खरे. परंतु 'दुसरा हात अमुक दिवसांच्या आतच दिला पाहिजे' अशी कडक अट कारागिरास ठाऊक नव्हती. त्याची अट उलट दिशेची होती : पहिला हात पुरता वाळू द्यावा, घाई करू नये.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादानंतर व्हिनिल आणि क्लोरिनयुक्त रबर यांचे लेप जहाजांवर आले. हे लेप केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतात. त्यांत रासायनिक जाळे निर्माण होत नाही. म्हणून वर्षानंतर दिलेल्या नव्या हातातील द्रावकही जुन्या थरास विरघळवितो आणि दोहोंमधील सीमारेषा नाहीशी होते. पुनर्लेपनाच्या दृष्टीने याहून सोयीचे लेप नाहीत. परंतु ज्या गुणामुळे ते सोयीचे होते त्याच गुणामुळे ते दुबळेही होते : जो थर रंगातील द्रावकाने विरघळतो तो खनिज तेलाने आणि रसायनांनीही मऊ पडतो. पुढे १९८७ च्या माँट्रियल करारानंतर कार्बन टेट्राक्लोराइडच्या वापरावर निर्बंध आल्यावर क्लोरिनयुक्त रबराचा प्रसार आणखी घटला. अधिक टिकाऊ लेपाची गरज होती. ती इपॉक्सीने भागविली, पण तिची किंमतही वसूल केली.

२. इपॉक्सीचा उदय

इपॉक्साइड आणि अमाईन यांच्या संयोगाने राळयुक्त पदार्थ बनतात ही गोष्ट जर्मनीत पाउल श्लाक यांच्या १९३४ च्या एकस्वात नमूद आहे. तथापि आज ज्या राळेस आपण इपॉक्सी म्हणतो तिचे जनकत्व दोघांकडे जाते. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्टाँ हे दंतवैद्यकीय साहित्य बनविणाऱ्या द त्रे या कंपनीत काम करीत. कृत्रिम दातांच्या कवळ्यांसाठी घट्ट होताना न आकसणारा पदार्थ त्यांना हवा होता. १९३८ साली त्यांनी त्यासाठी स्विस एकस्व मागितले. कवळ्यांच्या व्यवसायात त्याचा जम बसला नाही. पुढे बाझेल येथील सिबा या कंपनीने ते हक्क घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस 'अराल्डाइट' या नावाने धातू जोडणारा चिकट पदार्थ बाजारात आणला. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हो अँड रेनॉल्ड्स या रंगकंपनीसाठी काम करणारे सिल्व्हन ग्रीनली यांनी बिसफिनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांपासूनच, पण रंगरोगणाचे उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवून राळ तयार केली. एकीकडे चिकटविण्याचे द्रव्य आणि दुसरीकडे रंगाचे द्रव्य, अशा दोन वाटांनी ही राळ उद्योगात शिरली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ग्रीनली यांच्या आरंभीच्या प्रयत्नांत इपॉक्सी राळ वाळणाऱ्या तेलांतील मेदाम्लांशी संयोग पाववून वापरलेली होती. असा लेप तेलरंगाप्रमाणेच प्राणवायूने वाळत असल्यामुळे पुनर्लेपनाचा प्रश्न तेथे तीव्र नव्हता. १९५० नंतरच्या दशकात दोन डब्यांचे लेप प्रचारात आले : एका डब्यात राळ, दुसऱ्यात अमाईन वर्गातील कठिणकारक, ज्यास कारखान्यांत 'हार्डनर' म्हणतात. दोन्ही एकत्र करताच अभिक्रिया सुरू होते आणि सामान्य तापमानास, हवेची मदत न घेता, त्रिमितीय जाळे तयार होते. तेल, क्षार, अल्कली आणि समुद्रजल यांना दाद न देणारा लेप प्रथमच भट्टीशिवाय मिळू लागला. येथूनच दुसऱ्या हाताची अडचण सुरू झाली.

३. खिडकी बंद होते

पहिला हात दिल्यानंतर काही तासांनी इपॉक्सीचा थर स्पर्शास कोरडा लागतो, परंतु आतील अभिक्रिया अपुरी असते. पृष्ठभागावर अद्याप मोकळे इपॉक्सी व अमाईन गट शिल्लक असतात आणि जाळेही विरळ असते. या अवस्थेत दुसरा हात दिला तर त्यातील द्रावक खालच्या थरास किंचित फुगवितो, नवे रेणू आत शिरतात आणि सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचे गट परस्परांशी रासायनिक बंध जोडतात. मात्र काही दिवसांनी हे मोकळे गट संपतात, जाळे दाट होते आणि द्रावकास आत शिरण्यास वाव उरत नाही. मग नवा हात जुन्या थरावर काचेवर ठेवल्याप्रमाणे केवळ टेकून राहतो. याउलट फार लवकर दिलेला दुसरा हात खालच्या थरातील द्रावक कोंडून ठेवतो आणि पुढे फोड येतात. अशा रीतीने पुनर्लेपनास एक किमान आणि एक कमाल मर्यादा प्राप्त होते. या दोहोंमधील कालावधीस व्यवसायात 'खिडकी' म्हणण्याचा प्रघात आहे.

ही खिडकी तापमानावर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, हा स्थूल नियम लावून पाहिला तर २० अंश सेल्सियसला सात दिवस उघडी असणारी खिडकी ४० अंशांस दोन दिवसांच्या आतच मिटेल. शीत कटिबंधातील गोदीसाठी तयार केलेले वेळापत्रक मुंबईच्या गोदीत मे महिन्यात जसेच्या तसे लागू पडत नाही याचे कारण हेच होय; उन्हातील पोलाद तर हवेपेक्षाही पुष्कळ अधिक तापते. सूर्यप्रकाशाचा आणखी एक परिणाम आहे. बिसफिनॉल-ए पासून बनलेली राळ अतिनील किरणांनी पृष्ठभागी विघटित होते आणि तेथे खडूसारखी भुकटी जमते. या भुकटीवर दिलेला हात त्या भुकटीलाच चिकटतो, लेपाला नव्हे.

दोन हातांमधील विलगतेचे लक्षण ओळखण्यास सोपे असते. गंजामुळे निघालेल्या लेपाखाली तांबूस लोखंड दिसते. येथे मात्र वरचा थर कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे निघून येतो आणि खाली पहिला हात स्वच्छ, चकचकीत व शाबूत आढळतो. दुर्दैवाने हा दोष तत्काळ प्रकट होत नाही. काम तपासताना सर्व काही उत्तम दिसते आणि पाण्यात बुडाल्यानंतर काही महिन्यांनी पापुद्रे सुटू लागतात. दोष कोणाचा, रंग बनविणाऱ्याचा, रंग देणाऱ्याचा की वेळापत्रक आखणाऱ्याचा, हा वाद मग अपरिहार्य होतो.

४. घामाचा थर आणि पॉलिअमाइड

खिडकी उघडी असतानाही दुसरा हात सुटल्याचे प्रसंग आढळू लागले, तेव्हा आणखी एका कारणाकडे लक्ष वेधले गेले. थंड व दमट हवेत नव्या लेपावर घाम आल्यासारखा तेलकट, पांढुरका थर दिसे. कठिणकारकातील अमाईन पृष्ठभागावर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइड व बाष्प यांच्याशी संयोग पावते आणि कार्बामेट वर्गातील क्षार बनतात, असे याचे स्पष्टीकरण आहे. व्यवसायात यास 'अमाईन ब्लश' हे नाव रूढ झाले. हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्यामुळे त्यांच्यावर दुसरा हात दिल्यास दुहेरी हानी होते : एक तर चिकटण्यात अडथळा येतो, आणि बुडीत अवस्थेत परासरणाने पाणी आत ओढले जाऊन फोड येतात. कोमट पाण्याने धुऊन हा थर निघतो. परंतु जहाजाच्या तळघरासारख्या टाकीत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग धुऊन वाळविणे किती कष्टाचे असेल याची कल्पना सहज करता येईल.

या अडचणीवर पहिला महत्त्वाचा तोडगा वनस्पतितेलांतून निघाला. सोयाबीनसारख्या तेलांतील मेदाम्लांच्या जोड-रेणूंपासून पॉलिअमाइड बनविण्याचे संशोधन अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी कृषिप्रयोगशाळेत १९४० नंतर झाले होते. जनरल मिल्स या धान्यव्यवसायातील कंपनीचे माल्कम रेनफ्रू व हॅरल्ड विटकॉफ यांनी अशी पॉलिअमाइडे इपॉक्सीसाठी कठिणकारक म्हणून वापरली. त्याचे एकस्व १९५५ साली मिळाले. या कठिणकारकाचे रेणू मोठे व लांब साखळीचे असल्यामुळे ते कमी उडतात, पाण्यास दूर ठेवतात आणि अभिक्रिया सावकाश चालवितात. जाळे लवचीक होते आणि खिडकी रुंदावते. रसायनांना विरोध करण्याची शक्ती मात्र शुद्ध अमाईनच्या तुलनेने उणी पडते. कठीणपणा थोडा सोडला की ग्राहकता वाढते, हा या क्षेत्रातील पुढील सर्व प्रयत्नांचा सामान्य नियम येथे प्रथम स्पष्ट झाला.

अमेरिकी नौदलाने इपॉक्सी-पॉलिअमाइड लेप मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. खिडकी मिटल्यावर काय करावे याची एक साधी रीतही नौदलाच्या सूचनांतून रूढ झाली : सात दिवस उलटून गेले असतील तर पृष्ठभाग स्वच्छ करावा, शेवटच्याच रंगाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि तो चिकट असतानाच पूर्ण हात द्यावा. दोन थरांमध्ये ताजा दुवा निर्माण करण्याची ही युक्ती होय.

याच काळात डांबरमिश्रित इपॉक्सीही लोकप्रिय झाली. दगडी कोळशाच्या डांबरामुळे लेप स्वस्त, जाड व पाण्यास अभेद्य होई. परंतु त्याची खिडकी एक ते तीन दिवसांची, आणि कडक उन्हात त्याहूनही अल्प असे. पुढे डांबरातील द्रव्ये कर्कजनक असल्याचे सिद्ध झाल्यावर आणि काळ्या पृष्ठभागावरील दोष तपासनिसास दिसत नाहीत हे ध्यानात आल्यावर फिकट रंगाच्या इपॉक्सीने त्याची जागा घेतली.

५. जहाजबांधणीची नवी रीत

दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगच्या साहाय्याने जहाजाचे मोठमोठे भाग स्वतंत्रपणे बांधून नंतर जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि युद्धोत्तर काळात ती सर्वत्र पसरली. रंगकामाच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. एखादा भाग छपराखाली रंगवून बाहेर ठेवला जातो. शेजारचा भाग तयार होऊन दोन्ही जोडले जाईपर्यंत आठवडे, कधी महिने लोटतात. सांध्याजवळील लेप वेल्डिंगने जळतो आणि तेथे नवा लेप जुन्यावर चढवावा लागतो. पूल आणि समुद्रस्थ मंच यांचीही हीच कथा आहे : पहिले हात कारखान्यात, शेवटचा हात जागेवर. म्हणजे बांधकामाची रीत प्रतीक्षा वाढवीत होती आणि लेपाचे रसायन ती प्रतीक्षा नाकारीत होते. या ताणातूनच १९७० नंतरचे बहुतेक उपाय जन्मास आले.

पहिला उपाय भौतिक होता. अभ्रकाप्रमाणे पातळ पापुद्र्यांचे लोहऑक्साइड मधल्या हातात मिसळले की पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि रासायनिक बंध न जुळले तरी पुढील हातास यांत्रिक पकड मिळते. शिवाय हे पापुद्रे सूर्यकिरण अडवितात. पुलांच्या कामात या रीतीने कारखाना व कार्यस्थळ यांमधील दीर्घ अंतर सुसह्य झाले. दुसरा उपाय राळेच्या मिश्रणाचा होता : हायड्रोकार्बन राळेसारखे जाळ्यात न गुंतणारे घटक घातल्यास पुढील हातातील द्रावकास शिरण्यास मार्ग मोकळा राहतो. तिसरा उपाय दुव्याच्या थराचा. जहाजाच्या तळावर इपॉक्सीवर शेवाळ व शंखशिंपले यांना अटकाव करणारा, केवळ द्रावक उडून वाळणारा लेप द्यावा लागतो. या दोन भिन्न स्वभावांच्या लेपांना जोडण्यासाठी इपॉक्सी व व्हिनिल या दोहोंचे गुण असलेला मधला थर तयार करण्यात आला. शेवाळरोधक लेपांतील कथिलाची सेंद्रिय संयुगे २००८ साली अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने वर्ज्य झाली; मधल्या थराची आवश्यकता मात्र कायम राहिली.

६. काजूच्या टरफलाचे तेल

चौथ्या उपायाचा कच्चा माल आपल्या परिचयाचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू गोवे, कोकण व मलबार येथे स्थिरावला. त्याच्या बीच्या टरफलात जे काळपट, दाहक तेल असते ते बी फोडणाऱ्या स्त्रियांच्या बोटांना पोळते. म्हणून राख वा तेल लावून हात राखण्याची पद्धत कारखान्यांत पडली. होड्यांचे लाकूड टिकविण्यासाठी हेच तेल चोपडण्याची चालही पश्चिम किनाऱ्यावर होती. त्यातील अनाकार्डिक अम्लाचे वर्णन श्टेडेलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली केले. तापविल्यावर या अम्लातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कार्डनॉल हे फिनॉल उरते. त्यास पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी असते. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तेलाचे औद्योगिक उपयोग शोधले, आणि भारतातून त्याची निर्यात होऊ लागली. मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरांत त्याचा मोठा खप होता.

कार्डनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि पॉलिअमाईन यांचा मान्निश अभिक्रियेने संयोग घडविला की 'फिनाल्कमाईन' नावाचा कठिणकारक मिळतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जहाजांच्या लेपांत त्याचा प्रसार झाला. त्याच्या रचनेत दोन विरुद्ध गुण एकत्र नांदतात. फिनॉलचा गट अभिक्रियेस वेग देतो, त्यामुळे गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीतही लेप घट्ट होतो. उलट लांब शेपटी बाष्पास दूर ठेवते, घामाचा थर कमी येतो आणि जाळ्यास थोडी लवचीकता राहते. परिणामी लेप लवकर वाळूनही पुढील हातासाठी दीर्घकाळ अनुकूल राहतो. वेग आणि ग्राहकता यांचा असा मेळ पूर्वीच्या कठिणकारकांत क्वचितच साधला होता. त्याचा तांबूस रंग आणि उन्हात पिवळा पडण्याची प्रवृत्ती हे दोष आहेत; तथापि अंधाऱ्या टाक्यांत त्यांना फारसे महत्त्व नाही. ज्या तेलाने कोकणातील होडी राखली जात होती त्याचाच वंशज आज पोलादी जहाजाच्या पोटात आहे, ही वस्तुस्थिती नोंदविण्यासारखी आहे.

७. अपघात आणि नियम

जहाजाचा तोल राखण्यासाठी ज्या टाक्यांत समुद्रजल भरतात त्या बॅलास्टच्या टाक्या म्हणजे गंजाचे माहेरघर होत. त्या कधी भरलेल्या, कधी रिकाम्या, सदैव दमट, अरुंद आणि अडचणीच्या असतात. एकदा जहाज चालू लागले की तेथे नीट रंगकाम करणे जवळजवळ अशक्य होते. १२ डिसेंबर १९९९ रोजी सुमारे ३१,००० टन जड इंधनतेल वाहून नेणारे 'एरिका' हे टँकर जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर वादळात दुभंगले; त्याच्या चौकशीत सांगाड्यातील गंज आणि देखभालीतील उणीव पुढे आली. १९७५ साली बांधलेल्या त्या जहाजाच्या हानीस लेपाचा अमुक एक दोष कारण होता असे म्हणता येत नाही. परंतु लेप हा सौंदर्याचा विषय नसून जहाजाच्या बळकटीचा भाग आहे, ही जाणीव अशा घटनांनी दृढ केली.

डिसेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्टच्या टाक्यांतील लेपांसाठी मानक संमत केले. १ जुलै २००८ पासून करार झालेल्या, ५०० टनांहून कमी नसलेल्या जहाजांना ते लागू झाले. इपॉक्सीवर आधारित लेप, वाळल्यावर ३२० मायक्रोमीटर जाडी, चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमहून अधिक नसलेले विद्राव्य क्षार, ८५ टक्क्यांहून अधिक नसलेली आर्द्रता आणि १५ वर्षांचे अपेक्षित आयुष्य या त्यातील प्रमुख अटी होत. प्रत्येक हात योग्य प्रमाणात घट्ट झाल्यावरच, निर्मात्याच्या सूचनेनुसार आणि पृष्ठभाग स्वच्छ करूनच पुढील हात द्यावा, असेही त्यात सांगितले आहे; आणि सर्व नोंदी जहाजाबरोबर ठेवाव्या लागतात. जी गोष्ट कारागिराच्या अंदाजावर सोपविलेली होती ती अशा रीतीने कागदोपत्री जबाबदारीची झाली. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस या मर्यादेच्या आसपास वा तिच्या वर असते. तेव्हा छपराखाली आणि कोरड्या केलेल्या हवेत काम करण्यावाचून गत्यंतर नाही, हेही यावरून उघड होईल.

८. समारोप

वरील इतिहासावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, लेपाचा कठीणपणा आणि त्याची पुनर्लेपनक्षमता या परस्परविरोधी मागण्या आहेत. तेलरंग व व्हिनिल यांनी दुसरी मागणी पुरविली आणि पहिलीत ते उणे पडले. आरंभीच्या इपॉक्सीने पहिली पुरविली आणि दुसरीकडे दुर्लक्ष केले. पॉलिअमाइडापासून फिनाल्कमाईनपर्यंतचे प्रयत्न म्हणजे या दोन टोकांमधील समतोलाचा शोध होय. कोणत्याही काळी पुनर्लेपन करता येईल आणि तरीही कशानेच विरघळणार नाही, असा लेप सिद्ध झालेला नाही. म्हणून पृष्ठभाग खरवडून घेण्याचा जुना उपाय अद्यापि निवृत्त झालेला नाही.

दुसरा निष्कर्ष असा की, दोन डब्यांच्या या रंगात राळ व कठिणकारक यांच्या जोडीला काळ हा तिसरा घटक आहे, आणि तो डब्यात भरून मिळत नाही. तो कार्यस्थळावरच, तापमान, ऊन व आर्द्रता यांच्यासह मोजावा लागतो. आपल्या उष्ण व दमट किनाऱ्यावर त्याचे प्रमाण निराळे असल्यामुळे परदेशी तक्त्यांवर विसंबून न राहता येथील गोद्यांतील प्रत्यक्ष तापमानांस पुनर्लेपनाच्या मर्यादा मोजून त्यांची सारणी करणे, हे रंगरसायनाच्या अभ्यासकांपुढील उपयुक्त कार्य आहे. पहिल्या हाताची तारीख, वेळ आणि त्या वेळचे पोलादाचे तापमान एवढी एक ओळ नोंदवहीत लिहिण्यास खर्च काही येत नाही. ती ओळ नसल्यामुळे सुटणारे पापुद्रे मात्र समुद्रात जाऊन दुरुस्त करता येत नाहीत.